रावपुऱ्यातलं पक्ष्यांचं दुकान: रंगाची गॅरंटी नाही, हिशोब मात्र लिहून मिळतो

हिरवं पाखरू, २५० रुपये. शेजारच्या पिंजऱ्यात हिरवं पाखरू, ३५० रुपये. त्याच्या शेजारी हिरवं पाखरू, ४५० रुपये. पायातल्या कड्या काढल्या तर मालकालाही वेगळी ओळखता येणार नाहीत इतकी ही पाखरं सारखी. बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीतल्या या दुकानात मी पहिल्यांदा शिरले तेव्हा ते तीन भाव वाचून उंबऱ्यावरूनच परत फिरणार होते. पाखरांच्या खरेदीत मी एकदा फसले होते आणि पुन्हा फसायची तयारी नव्हती. आज दोन वर्षांनी माझ्या गच्चीवरच्या नऊ जोड्यांपैकी सात याच दुकानातल्या आहेत. बडोद्यात कोणी बजरीगार पाळायला निघालं की मी इथेच पाठवते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी दांडिया बाजारात राहते. बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, निवृत्तीनंतर गच्चीवर जाळी ठोकून घेतली आणि पाखरं आणली. बजरीगार म्हणजे ज्यांना अख्खं बडोदं लव्हबर्ड म्हणतं ते. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि अंगाने जाड. बजरीगार ऑस्ट्रेलियातले. जॉन गूल्ड यांनी ते १८४० मध्ये पहिल्यांदा जिवंत इंग्लंडला नेले. रानात ते हिरवे असतात. निळे, पिवळे, पांढरे, राखाडी हे सगळे रंग माणसांनी पिंजऱ्यात जपून वाढवलेले. आपले देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि या दुकानात ते दिसणार नाहीत. कोणी हळू आवाजात विचारलं तर मालक हात जोडून रस्ता दाखवतात. मी सगळ्यांसारखीच त्यांना भाई म्हणते, ते मला बेन.

आता फसवणुकीची गोष्ट, कारण तिच्याशिवाय या दुकानाचं मोल कळणार नाही. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत नातीला निळं पाखरू हवं होतं. दुसऱ्या एका विक्रेत्याने मला हिरव्यांची जोडी दिली आणि सांगितलं, दोन्ही स्प्लिट आहेत, दोघांचे बाप निळे होते, चार पिल्लं निघाली की एक निळं असणारच. स्प्लिट म्हणजे अंगावर हिरवा, पण पोटात निळ्याचा जीन लपलेला. प्रत्येक पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक असे जीन मिळतात. हिरवा जीन एक जरी असला तरी पाखरू हिरवं दिसतं, निळं व्हायला दोन्हीकडून निळा यावा लागतो. म्हणून दोन स्प्लिटांच्या पोटी निळ्याची शक्यता निम्म्याची निम्मी, पाव. इथपर्यंत त्याचं बरोबर होतं.

पहिल्या खेपेला पाच पिल्लं झाली, पाचही हिरवी. मी फोन केला तर म्हणाला, आता पुढच्या खेपेला दोन निळी येतील, मागची बाकी निघेल. दुसऱ्या खेपेला सहा, सहाही हिरवी. तिसऱ्यांदा त्याने फोन उचलला नाही.

‘मागची बाकी निघेल’ या वाक्याने मला जो संताप आला तो पाखरांपुरता नव्हता. मला दोन मुली. धाकटीच्या बारशाला नात्यातल्या एका बाईंनी माझ्या सासूबाईंना सांगितलं होतं, दोन मुली झाल्या ना, आता तिसरा मुलगाच, हिशोब आहे तो. किती वर्षं तो हिशोब माझ्या कानावर पडत राहिला! मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. भाईंच्या दुकानात ते उत्तर मला मिळालं, आणि तेही माझ्या अकरा हिरव्या पिल्लांबद्दल बोलताना.

मी तावातावाने सगळं सांगितलं. भाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “ईंडाने कांई याद नथी रहेतुं, बेन.” अंड्याला काही आठवत नसतं. आधीची पाच कोणत्या रंगाची निघाली हे सहाव्याला माहीत नसतं. त्याचा पाव तो पावच. चारात एक म्हणजे चार मोजून एक हातावर ठेवणं नव्हे. मग त्यांनी पावतीच्या पाठीवर गुणाकार मांडला. एक पिल्लू हिरवं निघण्याची शक्यता तीन चतुर्थांश. पाचच्या पाच हिरवी निघण्याची शक्यता म्हणजे तीन चतुर्थांश पाच वेळा गुणायचं: १०२४ पैकी २४३, जवळजवळ शंभरात चोवीस. जोडी खरोखर स्प्लिट असली तरी दर चार जोड्यांतल्या एकीला पहिल्या खेपेला एकही निळं मिळणार नाही. म्हणजे पहिल्या खेपेनंतर मी त्या विक्रेत्याला खोटं ठरवायला उठले होते ते चूकच होतं. अकरा हिरव्यांनंतर तीच शक्यता शंभरात चारवर येते. चार म्हणजे संशय घ्यायला पुरेसे, पण आरोप करायला नाही. बँकेत असते तर मीही एवढ्यावर खातं गोठवलं नसतं, चौकशी लावली असती.

चौकशीची पद्धतही त्यांनीच सांगितली. या दोघांना एकमेकांबरोबर लावत बसू नका, एकेकाला वेगळं तपासा. नराला निळी मादी द्या, मादीला निळा नर द्या. निळ्याकडून निळा जीन येणारच, तेव्हा समोरचं पाखरू स्प्लिट असेल तर प्रत्येक पिल्लू निळं होण्याची शक्यता निम्मी. पाव मोजण्यापेक्षा निम्मं मोजणं लवकर कळतं. त्यासाठी आपल्याकडची निळी जोडी त्यांनी मला वापरायला दिली, एक पैसा न घेता. तोवर मी त्यांच्याकडून बाजरी आणि राळ्याची एक पिशवी तेवढी घेतली होती.

नराचा निकाल पहिल्याच खेपेला लागला. दोन हिरवी, आणि तिसऱ्या पिल्लाच्या बाराव्या दिवशी पिसांच्या काड्या फुटल्या त्या निळ्या. एक निळं पिल्लू आलं की वाद संपला, नर नक्की स्प्लिट. मादीची गोष्ट लांबली. पहिल्या खेपेला चार हिरवी, दुसऱ्या खेपेला तीन हिरवी. ती स्प्लिट असती तर सातही हिरवी निघण्याची शक्यता १२८ पैकी एक. म्हणजे विक्रेत्याचं नराबद्दलचं बोलणं खरं होतं आणि मादीबद्दलचं जवळजवळ नक्कीच खोटं. आणि मादी साधी, म्हणजे निळा जीन नसलेली, असेल तर या दोघांच्या पोटी निळं पिल्लू शंभर खेपांतही आलं नसतं, ‘मागची बाकी’ कधीच निघाली नसती. त्याने फसवलं की त्याचीच आधी कोणी फसवणूक केली होती, ते मी आजही सांगू शकत नाही. पण इथे मला एक गोष्ट लख्ख कळली: एक निळं पिल्लू ‘हो’ म्हणून सांगतं, हिरवी पिल्लं मात्र कितीही आली तरी ‘नाही’ असं पूर्ण कधी सांगत नाहीत, फक्त शंका बारीक करत नेतात.

आता त्या तीन भावांकडे येते. साडेचारशेच्या पिंजऱ्यातल्या प्रत्येक पाखराचा आई किंवा बाप निळा आहे, तेव्हा ते स्प्लिट असणारच. अडीचशेच्या पिंजऱ्यातल्यांच्या घराण्यात निळं कोणी नाही. मधल्या पिंजऱ्यावर चिठ्ठी असते: ‘स्प्लिट? २/३’. ही दोन स्प्लिटांची हिरवी पिल्लं. मी भाईंशी वाद घातला की हे निम्मं हवं, चारात दोन. त्यांनी काउंटरवर राजमा आणि वाल मांडले. बापाकडून हिरवा की निळा, आईकडून हिरवा की निळा, अशा चार जोड्या. हिरवा-हिरवा, हिरवा-निळा, निळा-हिरवा, निळा-निळा. मग शेवटची जोडी बोटाने बाजूला सारली. समोरचं पाखरू हिरवं आहे हे तुम्ही डोळ्यांनी बघताय, मग निळा-निळा उरलाच कुठे? उरल्या तीन, त्यातल्या दोन स्प्लिट. डोळ्यांना जे दिसलं त्याने शक्यता बदलते, हे मला त्या कडधान्यांनी शिकवलं. काउंटरवरची वाटी अजून तिथेच असते, पोरं विचारायला आली की ते ती पुढे ओढतात.

सवयीने मी भावाचाही हिशोब केला. साध्याचे २५०, नक्की स्प्लिट असण्याचे वर २००. दोनशेचे दोन तृतीयांश १३३, म्हणजे मधला भाव ३८३ व्हायला हवा. भाई ३५० घेतात. ते तेहतीस रुपये गिऱ्हाईक जी अनिश्चितता पत्करतं तिचे. शिवाय मधल्या पिंजऱ्यातलं पाखरू निळ्याबरोबर लावून पाचही पिल्लं हिरवी निघाली आणि तुम्ही फोटो दाखवलेत, तर ते शंभर रुपये परत देतात. पाच का? स्प्लिट असूनही पाच हिरवी निघण्याची शक्यता बत्तिसात एक. आधीच्या दोन तृतीयांशावर हे धरलं की उरतं सतरात एक. तिथे ते म्हणतात, हे आता साध्याच्या भावाचंच पाखरू. आणि एक जरी निळं निघालं तर तुम्हाला साडेचारशेचं पाखरू साडेतीनशेत मिळालं, त्यावर ते काही मागत नाहीत. असा सौदा मी दुसऱ्या कुठल्याही दुकानात पाहिलेला नाही.

प्रत्येक जोडीच्या पावतीवर ते अपेक्षित रंग अपूर्णांकात लिहून देतात आणि खाली एकच ओळ, माझ्याकडच्या सातही पावत्यांवर आहे: “गॅरंटी नथी, गणतरी छे.” गॅरंटी नाही, हिशोब आहे. लोक याने बिचकतात. माझ्यासमोर एक तरुण पावती परत करून गेला, त्याला ‘पक्का रंग’ हवा होता. तो अल्बिनो मागायला आला होता, पांढरं अंग आणि लाल डोळे. त्याच्याकडे निळा आणि ल्युटिनो (लाल डोळ्यांचा पिवळा) अशा दोन्हींना स्प्लिट असलेला हिरवा नर होता आणि निळ्याला स्प्लिट हिरवी मादी. भाईंनी त्याला सांगितलं, निळ्याची पाव, ल्युटिनोची पाव, दोन्ही एकाच पिल्लात आले तरच अल्बिनो, म्हणजे सोळात एक. पाच पिल्लांच्या खेपेत निदान एक अल्बिनो दिसण्याची शक्यता शंभरात अठ्ठावीसही नाही. तुम्हाला रंगच हवा असेल तर अल्बिनोचीच जोडी घ्या, वाट बघायची हौस असेल तर हीच ठेवा. दोन हजारांचं गिऱ्हाईक त्यांनी खरं बोलून घालवलं.

ल्युटिनोचं गणित मला सगळ्यात आवडतं, म्हणून जरा थांबते. ल्युटिनो म्हणजे गर्द पिवळं, लाल डोळ्यांचं पाखरू. याचा जीन लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतो. पक्ष्यांमध्ये नराला दोन झेड, मादीला एक झेड आणि एक डब्ल्यू. आपल्या उलट. माणसांत मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, पाखरांत आईच्या अंड्यावर. मादीकडे झेड एकच, आणि तो बापाकडून आलेला. म्हणून ल्युटिनो नर आणि हिरवी मादी लावली की सगळ्या मुली पिवळ्या आणि सगळे मुलगे हिरवे, पण ल्युटिनोला स्प्लिट. इथे रंगाचा प्रश्नच उरत नाही. मुली किती होणार हे मात्र प्रत्येक अंड्याला नाणं उडवल्यासारखंच.

मी ही जोडी नातीसाठी घेतली. अंडं उबवायला अठरा दिवस लागतात. पहिलं पिल्लू बाहेर आलं त्याच दिवशी नात घरट्याच्या मडक्यात टॉर्च धरून बघत होती. बंद पापणीखालून डोळा गुलाबी दिसला. ती ओरडली, “आजी, मुलगी!” नाहीतर नाकावरच्या पट्टीचा रंग पक्का होऊन नर-मादी कळायला महिने जातात. त्या खेपेला दोन पिवळ्या, तीन हिरवे, आणि मोठी झाल्यावर पाचही तंतोतंत तशीच निघाली. ‘मुलगी’ हा शब्द घरात इतक्या आनंदाने ओरडलेला ऐकून मला बरं वाटलं, त्या बारशाची आठवण होती म्हणून जास्तच.

यातूनच निघणारी एक खूण सगळ्या नव्या लोकांनी लक्षात ठेवावी. ल्युटिनोला स्प्लिट मादी असूच शकत नाही. तिच्याकडे झेड एकच, त्यावर जीन असला तर ती पिवळीच दिसणार, लपायला जागा नाही. कोणी ‘स्प्लिट ल्युटिनो मादी’ जास्त पैसे लावून विकत असेल तर तिथून निघा. तसंच कोबाल्टचं. गडद निळ्या कोबाल्टांच्या जोडीतून सगळी कोबाल्ट येतील असं वाटतं, पण येतात निम्मी, कारण कोबाल्टात गडदपणाचा जीन एकच असतो. पाव आकाशी, ज्यांत तो नाही, आणि पाव राखाडी झाक असलेली मॉव्ह, ज्यांत तो दोन्हीकडून आलेला. सगळी कोबाल्ट हवी असतील तर आकाशी आणि मॉव्ह लावायचे, ज्यांच्यातलं एकही कोबाल्ट नाही. हे भाई गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगतात, आणि आकाशी-मॉव्ह जोडी कोबाल्टच्या जोडीपेक्षा स्वस्त असते.

हे सगळं मला एकदा पाखरांच्या बाहेरही कामाला आलं. धाकटीच्या लग्नाआधी दोघांनी थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घेतली. होणाऱ्या जावयांचा रिपोर्ट ‘मायनर’, म्हणजे वाहक, असा आला, मुलीचा साफ. दोन्ही घरांत सन्नाटा. कोणी म्हणालं लग्न मोडा. मी डॉक्टरांकडे जाण्याआधी रात्री वहीत त्या राजमा-वालाच्या जोड्यांसारखे चौकोन काढले: एक वाहक, एक साफ. मेजर, म्हणजे प्रत्यक्ष आजार, व्हायला दोन्हीकडून तो जीन यावा लागतो, इथे एकाच बाजूला आहे. दोघंही वाहक असते तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता पाव होती, जन्मभर रक्त चढवावं लागणारं मूल, आणि तिथे पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कणभरही कमी होत नाही. आमच्याकडे प्रत्येक मूल मायनर असण्याची शक्यता निम्मी, आणि मायनर माणूस चारचौघांसारखाच जगतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून हेच सांगितलं. निर्णय त्यांच्याच शब्दावर घेतला, पण मी ते शब्द ऐकताना समजून ऐकले. लग्न झालं, दोघं छान आहेत. लग्नाच्या वयाची मुलं घरात असतील तर ही तपासणी कराच, कळवळून सांगते.

दुकानाचं एक चुकलेलंही सांगायला हवं. मागच्या वर्षी मी गडद हिरवा, निळ्याला स्प्लिट नर घेतला आणि आकाशी मादीबरोबर लावला. पावतीवर भाईंनी लिहिलं: हलका हिरवा, गडद हिरवा, आकाशी, कोबाल्ट, चारी पाव-पाव. मला कोबाल्ट हवे होते. दोन खेपांत नऊ पिल्लं आली: पाच गडद हिरवी, चार आकाशी. कोबाल्ट एकही नाही, हलकं हिरवंही नाही. पावती खरी असती तर नऊही पिल्लं या दोनच रंगांत पडण्याची शक्यता निम्मं नऊ वेळा गुणून, ५१२ पैकी एक. अकरा हिरव्यांच्या वेळी शंभरात चार होती तेव्हा मी गप्प बसले होते. इथे गप्प बसणं शक्य नव्हतं. नातीचं जीवशास्त्राचं पुस्तक आणि जावयांनी काढून दिलेले कागद घेऊन बसले.

चूक गुणाकारात होती. दोन शक्यता सरळ गुणायच्या तर दोन्ही जीन एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. निळा आणि ल्युटिनो वेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, म्हणून त्या अल्बिनोवाल्या तरुणाचा सोळात एक बरोबर होता. पण निळ्याचा जीन आणि गडदपणाचा जीन एकाच गुणसूत्रावर बसतात आणि बहुतेक वेळा हात धरून एकत्रच जातात. माझ्या नराला गडदपणा हिरव्या आईकडून आलेला आणि निळा आकाशी बापाकडून. तेव्हा पिल्लांत गडदपणा हिरव्याबरोबरच जाणार. निळ्याशी त्याची गाठ क्वचितच पडणार, जेव्हा गुणसूत्रांची तुकड्यांची अदलाबदल त्या दोघांच्या मधे होईल तेव्हाच. तोच नर कोबाल्ट बापाचा असता तर उलट झालं असतं, कोबाल्टच जास्त आले असते. गंमत अशी की ज्या पनेट या शास्त्रज्ञांच्या नावाने हे चौकोन ओळखले जातात, त्यांनाच बेटसन आणि सॉन्डर्स या सहकाऱ्यांबरोबर १९०५ मध्ये गोड वाटाण्याच्या फुलांत हा अडथळा पहिल्यांदा आला होता. चौकोनात मांडलेलं प्रमाण झाडांवर येईना. त्याचं नीट कारण पुढे मॉर्गन यांच्या फळमाश्यांनी दिलं.

मी कागद घेऊन दुकानात गेले तेव्हा मनात धाकधूक होती. दुकानदाराला त्याचंच गणित शिकवायला गेलं की काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. भाईंनी गल्ल्याखालून जाड वही काढली. कडीच्या नंबराप्रमाणे आई-बाप, आजी-आजोबा, सगळं गुजरातीत लिहिलेलं. गडद हिरव्या-निळ्या जोड्यांची जुनी पानं आम्ही दोघांनी मिळून तपासली आणि दर पानावर तोच कल दिसला. वर्षानुवर्षं आकडे वहीत होते, पण पावतीवर गुणाकार पुस्तकातला जात होता. त्यांनी माझ्यासमोर पावतीचा मसुदा बदलला. आता गडद पाखराच्या पावतीवर ‘गडदपणा कोणाकडून आला’ असा वेगळा रकाना आहे. नराचे पैसेही परत देऊ केले, मी घेतले नाहीत. ज्याची वही इतकी प्रामाणिक आहे त्याची चूक सापडते आणि सुधारतेही. वही नसती तर माझी नऊ पिल्लं नशिबाच्या खात्यावर गेली असती. वाटाण्याच्या ७,३२४ दाण्यांत आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलना ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले मिळाले, एकास २.९६. दाणे इतके होते म्हणून प्रमाण दिसलं. आपल्याकडे खेपेला पाच पिल्लं असतात, तेव्हा लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

निळ्याचं मूळ काय हेही मी तेव्हाच वाचलं. हिरवं पाखरू म्हणजे पिसाच्या बांधणीतून दिसणारा निळा आणि त्यावर पिवळं रंगद्रव्य. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते पिवळं बनवणाऱ्या एन्झाइममध्ये एकच अमिनो आम्ल बदललं की ते बनतच नाही आणि खालचा निळा उघडा पडतो. निळ्या पाखरात निळा रंग घातलेला नसतो, पिवळा गेलेला असतो. भाईंना हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ एका आकाशी नराकडे बघत राहिले.

सख्ख्या भावंडांची जोडी ते विकत नाहीत, कितीही आग्रह करा. आई किंवा बापात एखादा लपलेला वाईट जीन असेल तर तो भावाकडे जाण्याची शक्यता निम्मी, बहिणीकडे निम्मी, आणि त्यांच्या पिल्लात दोन्हीकडून येण्याची पाव: सगळं मिळून सोळात एक, आणि असे लपलेले जीन एकाहून जास्त असू शकतात. एप्रिल ते जूनमध्ये मडकी काढून ठेवायला सांगतात, बडोद्याच्या उन्हात मादीचे हाल होतात. स्वतःही त्या दिवसांत प्रजननाच्या जोड्या विकत नाहीत.

तक्रारी आहेत. जागा फार लहान, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. खालच्या रांगेतल्या पिंजऱ्यांना उजेड कमी मिळतो, हे मला खटकतं आणि मी दर खेपेला बोलते. पाखरांना टोकरायला देतात तो समुद्रफेस बाहेरपेक्षा महाग. एक ते चार दुकान बंद, आणि भाई फोनवर रंगांबद्दल काहीच सांगत नाहीत, कडीचा नंबर घेऊन समोर या म्हणतात. मुलगा काउंटरवर असेल तर दाणा घ्या, जोडी घेऊ नका, त्याला अजून वही नीट वाचता येत नाही. उत्तरायणाच्या दोन दिवस दुकान बंदच असतं, पिंजऱ्यांवर चादरी टाकून ते घरी पतंगाच्या मांज्यात अडकलेली कबुतरं सोडवत बसतात.

ती पहिली हिरवी मादी अजून माझ्याकडेच आहे. आता वयामुळे तिला मडकं देत नाही, मोठ्या पिंजऱ्यात बाकीच्यांबरोबर असते. गेल्या महिन्यात भाई गच्ची बघायला आले होते. मी प्रत्येक पाखराच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत, हिच्या चिठ्ठीवर ‘साधी’ लिहिलं होतं. त्यांनी वाचलं, खिशातून पेन काढलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, लिहू का? मी मान डोलावली. त्यांनी आधी ‘बहुतेक’ लिहिलं.